एक माईक, अनेक आवाज: परभणीच्या माडीवर मॉडेलिंग माईकनं रेकॉर्डिंग

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडं कुणी कशासाठीही वापरतं. मी ती माईकच्या बाबतीत शब्दशः घेतली. जर्मनीच्या नॉयमन कंपनीचा यू ४७ हा माईक १९४९ साली आला. आज त्याचा जुना, चालू स्थितीतला नमुना घ्यायचा म्हटलं तर किंमत लाखांत जाते. आमच्या माडीवरच्या खोलीत गाद्या, पेटी, लॅपटॉप आणि माईकचा आवाज लॅपटॉपात नेणारा एक इंटरफेस एवढाच संसार. तरी त्या आवाजाच्या जवळ जाता येतं, कारण आता मॉडेलिंग माईक मिळतात. माईक एकच असतो, सॉफ्टवेअर त्याच्या आवाजाला वेगवेगळ्या नामवंत माईकांचा साज चढवतं. अशा एकेका साजाला मॉडेल म्हणतात.

भारूड, हरिपाठ, लग्नातली गाणी, शाळेच्या कार्यक्रमांचं निवेदन असं बरंच काही मी या खोलीत रेकॉर्ड केलंय. चुका भरपूर केल्या. त्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीच झालेल्या होत्या, म्हणून या लेखातही सॉफ्टवेअर बरंच उशिरा येईल.

हे यंत्र नेमकं करतं काय

प्रत्येक माईकचा कान वेगळा. कुणी खालचा आवाज भरदार ऐकतो, कुणी वरच्या पट्टीला उजेड देतो, कुणाच्या आतली व्हॉल्व्हची नळी मोठ्या आवाजाला जराशी चुरमडून गोड करते. मॉडेलिंग माईक मुद्दाम शक्य तितका सपाट, स्वतःचा रंग नसलेला बनवतात. तो काय ऐकतो हे कंपनीनं मोजलेलं असतं आणि जुना माईक काय ऐकायचा हेही मोजलेलं असतं. सॉफ्टवेअर या दोन्हींतला फरक भरून काढतं, वर नळीचा आणि ट्रान्सफॉर्मरचा तो गोडवा मिसळतं.

यात दोन जाती आहेत. पहिल्या जातीत आवाज पकडणारा एकच पडदा कामाला असतो आणि बाहेर एकच तार येते. स्लेट डिजिटलचा एमएल-१ हा असा माईक. दुसऱ्या जातीत पुढं एक आणि मागं एक असे दोन पडदे असतात, त्यांचे दोन वेगळे आवाज दोन चॅनेलवर येतात. टाउनसेंड लॅब्जचा स्फिअर एल२२ या जातीचा. ती कंपनी २०२१ साली युनिव्हर्सल ऑडिओकडं गेली आणि आता स्फिअर त्यांच्याच नावानं मिळतो. अँटेलोपच्या माईकांत एज सोलो पहिल्या जातीचा, एज ड्युओ दुसऱ्या.

एकटा गळा किंवा निवेदन रेकॉर्ड करणार असाल तर एका पडद्याचा पुरेसा आहे. गायक स्वतः पेटी वाजवत गाणार असेल, आणि मराठवाड्यातले निम्मे भजनी गायक पेटीवर हात असल्याशिवाय सूर लावत नाहीत, तर दोन पडद्यांचा घ्यावा. का ते पुढं येईलच.

एक गोष्ट पैसे देण्याआधी नक्की करून घ्या. हे सॉफ्टवेअर फक्त आपल्याच माईकसाठी बनवलेलं असतं. मित्राच्या साध्या कंडेन्सर माईकवर (विजेवर चालणारा, बारीक आवाजही पकडणारा) ते लावलं तरी काहीतरी बदल ऐकू येईल, पण तो बदल म्हणजे चुकीच्या नंबरचा चष्मा. परवान्याचाही प्रश्न असतो. बऱ्याच कंपन्यांचा परवाना आयलॉक या परवाने सांभाळणाऱ्या सेवेच्या खात्यावर मिळतो आणि तो तीन ठिकाणी राहू शकतो: पेनड्राइव्हसारख्या यूएसबी किल्लीवर, त्या लॅपटॉपवर किंवा क्लाउडवर. यातले कोणते पर्याय मिळतात ते कंपनीगणिक बदलतं. क्लाउडवर ठेवला तर काम चालू असेपर्यंत इंटरनेट लागतं. आमच्याकडं वारं सुटलं की आधी लाइट जाते, मग मोबाइलची रेंज. त्यामुळं किल्ली किंवा लॅपटॉप हाच पर्याय धरा.

खोली

माईक बदलता येतो, खोली नाही. रेकॉर्ड झालेल्या आवाजात खोलीचा घुमारा एकदा मिसळला की कोणतंही मॉडेल तो काढून देत नाही. उलट महागड्या माईकची नक्कल लावली की घुमाराही तितकाच सुरेख ऐकू येतो.

माझी खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहाच फूट. बांधणाऱ्याला वाटलं चौकोनी म्हणजे नीटनेटकी. ध्वनीच्या दृष्टीनं याहून वाईट माप नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट ११२ हर्ट्झची लाट उभी राहते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या, म्हणून ही एकच गोष्ट तीनदा घडते. आता गायकानं काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज धरला तर त्याचा मंद्र धैवत ११० ते ११५ हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणजे तो धैवतावर उतरला की अख्खी खोली त्याच्याबरोबर हुंकारते. पहिले सहा महिने मी हा दोष माईकला देत होतो.

उपाय सोपा निघाला. खोलीच्या बरोबर मधोमध ११२ हर्ट्झची लाट सगळ्यात जोरात ऐकू येते, भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, जवळजवळ ऐकू येत नाही. मी माईक मध्यावरून हलवून लगतच्या दोन भिंतींपासून अडीच-तीन फुटांवर आणला आणि धैवत शहाणा झाला. तुमच्या खोलीचं माप वेगळं असेल तर लांबीचा चौथा भाग काढून तिथून सुरुवात करा, मग अर्धा अर्धा फूट सरकवत ऐका.

पुढचा प्रश्न गोधडी कुठं टांगायची. बहुतेक जण माईकच्या मागं टांगतात. पण एका पडद्याचा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फारसं ऐकत नाही. त्याच्या समोर असतो गायक, आणि गायकाच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली गादी गायकाच्या पाठीशी लागते. कापसाची चार इंच जाड गादी भिंतीला चिकटवू नका, चार इंच अंतर सोडून उभी करा. तशी ती साधारण ४०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला खाते, चिकटवली तर तेवढा खालपर्यंत खात नाही. कापूस आपल्याकडचाच, गादीवालाही गल्लीत असतो, तेव्हा यात पैसे घालायला हरकत नाही. अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही, तेवढा उद्योग करू नका. फरशीवर सतरंजी, तिच्यावर एक वाकळ. घरातल्या वाकळी काढून आणल्याबद्दल जे ऐकावं लागतं ते ज्याचं त्यानं ऐकावं.

पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात रेकॉर्डिंग होत नाही, हे गृहीत धरा. उन्हाळ्यात कूलर बंद, पंखा बंद. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना बंद खोलीत गायक वीस मिनिटं टिकतो, त्यानंतर सूर उतरायला लागतो. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते सात हीच वेळ देतो. तेव्हा बोअरच्या मोटारी नसतात, कुत्रीही दमून झोपलेली असतात.

विजेचं एक सांगून ठेवतो. स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असलं की रेकॉर्डिंगमध्ये बारीक किर्र येते. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि तिची पिलावळ १००, १५० वर. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, इंटरफेसही लॅपटॉपवरूनच वीज घेणारा असेल तर उत्तम. माझ्याकडची निम्मी गुणगुण चार्जर काढल्यावरच गेली होती.

जोडणी आणि पातळी

तार आधी लावा, आवाजाचे सगळे खटके शून्यावर आणा, मग फँटम, म्हणजे तारेतूनच माईकला मिळणारी ४८ व्होल्टची वीज, चालू करा. काढताना उलट क्रम: आधी फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा, मग तार. हेडफोन कानाला लावून हे करू नका.

हे माईक बाजूनं गायचे असतात, टोकातून नाही. कीर्तनकार बुवा स्टेजवरच्या हातातल्या माईकला सरावलेले, ते थेट टोकावर तोंड नेतात. एका बुवांचा पूर्ण अभंग मी तसाच घेतला होता. आवाज लांबून, कपाटातून आल्यासारखा. मी दोन दिवस मॉडेल बदलत बसलो. मग फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे ती पुढची बाजू, बहुतेक माईकांत असंच असतं. मी त्या बाजूला लाल टिकली लावून ठेवलीय. देवळातली मंडळी माईकला आधी नमस्कार करतात आणि मग टिकलीकडं तोंड करतात.

इंटरफेस ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. व्हिडिओला लागणारं काम असेल तर ४८ शिवाय दुसरा विचारच नको. पातळी अशी की गायक सर्वांत वरच्या सुरावर, पूर्ण ताकदीनं गायला तरी मीटर वजा १२ ते वजा १० डेसिबलच्या वर जाऊ नये. गायक ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो त्यावर पातळी लावू नका. तालमीत कुणीच पूर्ण ताकदीनं गात नाही, म्हणून गाण्यातली सर्वांत चढी ओळच म्हणायला लावा.

आता महत्त्वाचं. इंटरफेसवर वरचा आवाज चमकवणारं ‘एअर’सारखं बटण असेल तर बंद. आत येताना इक्वलायझर नाही, कंप्रेसर नाही, रंग देणारा प्रीअँप नाही. सॉफ्टवेअर हे धरून चालतं की त्याला मिळतोय तो आवाज त्या सपाट माईकचा, स्वच्छ. आपण आधीच हळद घालून ठेवली तर पुढं कोणतीही भाजी केली तरी पिवळीच होणार.

दोन पडद्यांच्या माईकला आणखी एक काम असतं, आणि ते टाळलं तर सगळंच फसतं. दोन्ही चॅनेलची पातळी तंतोतंत सारखी हवी. पडद्यांच्या आवाजांची बेरीज-वजाबाकी करून सॉफ्टवेअर पुढचं गणित मांडतं, त्यात एका बाजूला दोन डेसिबल जास्त असले तर उत्तर चुकतं. इंटरफेसची पातळी अंकांत दिसत असेल तर दोन्हीकडं तोच अंक टाका. हातानं फिरवायचे खटके असतील तर असं करा: मोबाइलवर १००० हर्ट्झचा स्थिर सूर लावा, मोबाइल माईकपासून वीतभर अंतरावर पुस्तकावर पक्का ठेवा. पुढच्या पडद्याची तार पहिल्या चॅनेलला लावून मीटर वाचा. तीच तार, फँटम बंद करून, दुसऱ्या चॅनेलला लावा आणि खटका फिरवून मीटर तितकाच आणा. मग दोन्ही खटक्यांवर चिकटपट्टी मारा. चिकटपट्टी मारायची राहिली की घरातलं लहान लेकरू ते फिरवतं, हा माझा अनुभव आहे.

तोंड आणि माईकमधलं अंतर

इंचपट्टी घेऊन गायकासमोर उभं राहिलं तर तो बावरतो. म्हणून मी हाताची मापं वापरतो. वीत म्हणजे साधारण नऊ इंच, मूठ म्हणजे चार. अंगठा माईकला, करंगळी ओठाला लागली की झालं.

वीतभर अंतर हे बहुतेक गळ्यांना चालतं. मुठीवर आणलं की खालचा आवाज फुगतो, निवेदनाला ते बरं वाटतं, गाण्याला जड होतं. अंतर दुप्पट झालं की गळ्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, खोलीचा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे मागं सरकलेला गायक खरं तर खोली वाढवत असतो. तानेला मान मागं घेण्याची सवय असलेल्यांना मी ती सोडायला लावत नाही, फक्त अर्धी वीत मागं घ्या म्हणतो. प आणि फ चा झोत अडवायला भरतकामाच्या लाकडी रिंगवर नायलॉनचा जुना मोजा ताणून लावला तरी पॉप फिल्टरचं काम होतं. तो माईकपासून चार बोटं पुढं.

पेटीवाल्या गायकासाठी दोन पडद्यांचा माईक इथं कामाला येतो. पुढचा आणि मागचा पडदा सारख्या प्रमाणात मिळवले की माईक चहूकडून सारखं ऐकतो. पुढच्यातून मागचा वजा केला की तो पुढचं आणि मागचं ऐकतो, पण डावीकडं, उजवीकडं, वर आणि खाली बहिरा होतो. यालाच आठचा आकार म्हणतात. माईक गायकाच्या तोंडासमोर ठेवा, समोरची बाजू थोडी वर, तोंडाकडं कलती, आणि पेटी बरोबर माईकच्या खाली येईल असं बसवा. रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये आकार फिरवत जा. एका जागी पेटी अचानक लांब जाते, गळा तिथंच राहतो. हे रेकॉर्डिंगनंतर करता येतं. पूर्वी आकार ठरवायचा असेल तर गायक उभा करायच्या आधीच ठरवावा लागायचा. फक्त आठच्या आकारात माईक पाठीमागचंही ऐकतो, म्हणून इथं मात्र माईकच्या मागंही गादी लागते.

गायकाच्या कानात काय द्यायचं

सॉफ्टवेअरमधून गेलेला आवाज गायकाच्या कानात थोडा उशिरा येतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ ठेवला तर एका बाजूनं पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास, येणं-जाणं आणि यंत्राचा वेळ धरून सात-आठ ते दहा. बहुतेकांना चालतं, पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित पोकळ लागतो, कारण हाडातून ऐकू येणारा आवाज आणि हा उशिराचा आवाज एकमेकांना खातात. लातूरकडचे एक गायक म्हणाले, “दादा, माझाच आवाज परका लागू लालाय.” मी बफर ६४ केला, लॅपटॉप कुरकुरायला लागला. शेवटी इंटरफेसमधून थेट कच्चा आवाज दिला आणि एक कान उघडा ठेवायला सांगितला. ते मोकळे झाले.

माझा आता नियमच आहे: तरुण, स्टुडिओत आधी गायलेल्यांना मॉडेल लावून ऐकवायचं, कारण आवाज भारी वाटला की ते उमेदीनं गातात. देवळातल्या, शेतातल्या गळ्यांना कच्चाच द्यायचा. कोणाच्याही कानात काहीही दिलं तरी हार्डडिस्कवर मात्र कच्चाच आवाज जातो. मॉडेल चॅनेलवर लावलेलं असतं, फाइलमध्ये उतरलेलं नसतं.

मॉडेल निवडणं

इथं येऊन बहुतेक जण हरवतात. यादीत वीस-तीस नावं, प्रत्येकाचं सुंदर चित्र. चित्र पाहून आवाज आवडायला लागतो. मी तीनच घेतो, आणि ते गळा ऐकूनच.

बारीक, हलका गळा असेल तर यू ४७ च्या घराण्यातलं मॉडेल, ते मधल्या पट्टीत मांस भरतं. स्लेटच्या यादीत त्याचं नाव एफजी-४७. किनरा, कानाला टोचणारा आवाज असेल तर १९६० सालच्या यू ६७ चं मॉडेल आधी लावून पाहा, त्याचा वरचा भाग मऊ आहे. भरदार पण दबलेल्या आवाजाला व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा सी १२, १९५३ सालचा, किंवा त्याचा भाऊ शोभणारा टेलिफंकनचा २५१. दोन्ही वरून उजेड टाकतात. सोनीचा सी ८००जी १९९२ चा, त्याच्या पाठीवर नळी थंड ठेवायचा धातूच्या पात्यांचा सांगाडा असतो. चकचकीत, आजच्या गाण्यांसारखा आवाज हवा तर तो. आमच्या भागातल्या ‘स’ आणि ‘श’ चा उच्चार जोरात करणाऱ्या गळ्यांवर मात्र २५१ आणि ८०० दोन्ही शिट्टी वाजवतात, सांभाळून.

निवेदनासाठी लोक शुअर एसएम७ चं मॉडेल लावतात. १९७३ चा हा डायनॅमिक, म्हणजे विजेशिवाय चालणारा माईक गोंगाटाच्या खोलीत चांगला, म्हणून नाव आहे. पण तो चांगला का? लोक त्याच्या अगदी तोंडाशी बोलतात, आणि तो फारसा संवेदनशील नसतो. आपला कंडेन्सर माईक कूलर, रिक्षा, शेजारच्यांचा टीव्ही सगळं ऐकून बसलेला असतो. त्यावर एसएम७ चं मॉडेल लावलं तर एसएम७ सारखा रंग येईल, रिक्षा जाणार नाही. मला हे कळायला एक पूर्ण निवेदनाचं काम परत करावं लागलं.

तिन्ही मॉडेल ऐकताना आवाजाची पातळी सारखी करा. एक डेसिबलनं मोठं असलेलं मॉडेल कानाला नेहमी जास्त गोड लागतं आणि आपण त्यालाच निवडतो. मीटर बघून तिन्ही बरोबरीला आणा, मग डोळे मिटून ऐका. एकच ओळ परत परत नको, पूर्ण कडवं ऐका, त्यात मंद्र आणि तार दोन्ही यायला हवेत. पेटी, तबला सोबत चालू ठेवूनच. एकट्यानं ऐकलेला आवाज आणि साथीत बसणारा आवाज यांत फार फरक पडतो. वीस मिनिटांत ठरलं नाही तर तिन्ही चांगले आहेत असं समजून पहिलं लावा.

एकदा जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या एका आजींना आणलं होतं. खोलीत आल्यावर त्यांनी गाद्या पाहिल्या आणि विचारलं, “कोण निजू लालंय हितं?” जातं आणता येणार नव्हतं, म्हणून त्यांना परातीत ज्वारी चोळायला दिली. हाताला काम मिळाल्याशिवाय ओवी निघत नव्हती. ज्वारीची सरसर माईकमध्ये येतेय म्हणून मी ती थांबवली, तर त्यांचा सूरच मोडला. मग सरसर राहू दिली. नंतर तीन मॉडेल लावून त्यांनाच ऐकवली. ८०० ला त्या म्हणाल्या, “ही कोण पोरगी?” ४७ ला, “माझ्या थोरल्या बहिणीसारखं लागतंय.” ६७ लावलं, काही बोलल्या नाहीत, पुढची ओवी ओठांत म्हणायला लागल्या. मी ६७ ठेवलं, फक्त त्याचा जोर कमी केला. काही सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचा परिणाम किती ठेवायचा याचा खटका असतो. पूर्ण शंभरवर ठेवायलाच हवा असं नाही, साठ-सत्तरवर पुष्कळदा आवाज जास्त खरा राहतो.

समूहाच्या गाण्यात एक युक्ती चालते. भारुडात मुख्य गळा एका मॉडेलवर ठेवा आणि झीलकऱ्यांना दुसरं द्या, जरा मऊ. एकाच माईकवर, एकाच खोलीत, आळीपाळीनं गायलेले आवाज एकमेकांवर चढले की सगळ्यांचा रंग एक होतो आणि भाजीचा लगदा होतो. मॉडेल वेगळं दिलं की चार जण चार ठिकाणी उभे असल्यासारखे लागतात.

संबळ आणि टाळ घ्यायचे असतील तर माईक लांब, निदान तीन-चार हात. संबळाच्या टिपरीचा घाव इतका तीव्र असतो की हळू वाजवतानाही मीटर लाल होतो. माईकवर पॅड, म्हणजे आवाजाची पातळी उतरवणारं बटण, असेल तर चालू करा. स्लेटच्या एमएल-१ चा एमएल-२ नावाचा छोटा भाऊ वाद्यांसाठीच आहे, पण एक गाणं करायला दोन माईक घेत बसू नका. टाळांवर उजेड देणारं मॉडेल कधीच लावू नका, ते मुळातच उजेडाचे बनलेले असतात.

नेहमी होणारे घोळ

एक, मॉडेल गळ्याच्या चॅनेलवरही आणि अनेक चॅनेल जिथं एकत्र येतात त्या वरच्या ग्रुपवरही लागलेलं असणं. आवाज दोन माईकांतून गेल्यासारखा, नाकातला होतो. आवाज विचित्र वाटला की आधी सगळे चॅनेल वर-खाली पाहून घ्या. दोन, काही सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं की तुमच्याकडचा माईक कोणता. तिथं चुकीचा निवडला गेला तर पुढचं सगळं चुकीचं, आणि चूक दिसत नाही, फक्त ऐकू येते. तीन, दोन पडद्यांच्या तारा अदलाबदल होणं. गायक मागं उभा असल्यासारखा लागतो. टिकलीच्या बाजूनं टिचकी मारा, पहिल्या चॅनेलचा मीटर जास्त हलला पाहिजे.

आणि कच्चा आवाज जपणं. काम झाल्यावर तीन गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा: कच्ची फाइल, मॉडेल लावून काढलेली फाइल, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तारीख, गायक, मॉडेलचं नाव, जोर किती, अंतर वीत की मूठ, गादी कुठं होती. तीन वर्षांनी सॉफ्टवेअर बदलतं, परवाना संपतो, लॅपटॉप जातो. मॉडेल लावलेली फाइल चालतेच, पण त्यातला माईक बदलायचा म्हटलं तर कच्चीच लागते. आजींच्या ओव्यांची कच्ची फाइल मी दोन हार्डडिस्कवर ठेवलीय, त्यातली एक बहिणीच्या घरी, जिंतूरला. तिच्याकडं ती पिठाच्या डब्याशेजारी असते आणि डब्यावर तिनं खडूनं लिहिलंय, ‘हात लावू नये, आजी आहे.’